रॅकेटीची तांत आणि विद्यार्थ्याचा हात

टेनिसची रॅकेट विकत घ्यावयाची म्हटलें म्हणजे घरांत मोठी चर्चा होते. चौकट कोणत्या कंपनीची, वजन किती, रंग कोणता, कोणत्या जगज्जेत्याचें नांव तिच्याशीं निगडित आहे, या सर्वांचा खल होतो, आणि अखेर दुकानदार विचारतो, "गटिंग कोणतें करूं?" तेव्हां विद्यार्थी पालकांकडे पाहतो, पालक दुकानदाराकडे पाहतात, आणि दुकानदार आपल्या मर्जीस येईल तें करून देतो. वस्तुतः चेंडूला शिवते ती एकटी तांत. चौकटच जर चेंडूला लागली तर तो फटका फसला म्हणावयाचा. चेंडू आणि खेळाडू यांच्यामध्यें जें कांहीं घडतें तें सगळें सुमारें बारा मीटर लांबीच्या या दोरीच्या द्वारें घडतें, आणि तरीहि तिची निवड आपण सर्वांच्या शेवटीं, पैसे मोजतां मोजतां करतों.

माझें मत आरंभींच सांगतों. शाळेंत शिकणाऱ्या मुलामुलींच्या रॅकेटीला मऊ तांत घालावी, ती बेताच्या ताणानें घालावी, आणि ती वरचेवर बदलावी. दूरदर्शनवर दिसणाऱ्या विजेत्यांच्या रॅकेटींत जी कडक पॉलिएस्टरची तांत असते तीच आपल्यालाहि पाहिजे, असा हट्ट सांप्रत पुष्कळ विद्यार्थी धरतात. आणि मुलाची हौस म्हणून, किंवा त्याची प्रगति व्हावी म्हणून, पालकहि तो पुरवितात. यांत पैशाची हानि आहेच. परंतु माझी मुख्य तक्रार पैशासंबंधीं नाहीं, ती त्या मुलाच्या कोंपरासंबंधीं आहे.

तांत हा शब्दच या वस्तूचें मूळ सांगतो. पूर्वीं गांवोगांव फिरणाऱ्या पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी चिंवट दोरी असे ती तांत. जनावराच्या आंतड्यापासून ती करीत. युरोपांत व्हायोलिनसारख्या वाद्यांना अशाच तांती लावीत. १८७४ सालीं मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनीं इंग्लंडांत लॉन टेनिसचें पेटंट घेतलें, आणि लगेच १८७५ सालीं फ्रान्समधील लियाँ शहरीं बाबोला यांच्या कारखान्यानें या नव्या खेळाच्या रॅकेटींसाठीं तांत करावयास आरंभ केला. प्रथम मेंढीचें व पुढें गाईबैलांचें आंतडें वापरण्यांत येऊं लागलें. (इंग्रजींत या वस्तूच्या नांवांत मांजर येतें, पण मांजराचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं, हें येथें सांगून टाकलेलें बरें, कारण दरवर्षीं कोणीतरी विद्यार्थी तो प्रश्न विचारतोच.) आंतड्याचे पातळ पापुद्रे काढून, ते धुऊन, एकत्र पिळून व वाळवून ही तांत तयार होते, आणि लवचिकपणांत तिच्या तोडीची दुसरी वस्तु आजपर्यंत कारखान्यांना साधलेली नाहीं.

१९३४ सालीं विंबल्डनच्या स्पर्धेंत सामना जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय महिला लीला राव, ज्या संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांच्या कन्या होत, त्यांच्या काळीं चांगली तांत म्हणजे आंतड्याचीच, असें समीकरण होतें. १९३९ सालीं गौस महंमद हे त्याच स्पर्धेंत उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोंचले तो काळहि तोच. १९६० व १९६१ सालीं रामनाथन् कृष्णन् यांनीं लागोपाठ दोनदां तेथील उपान्त्य फेरी गांठली, तेव्हांहि चौकटी लांकडाच्याच होत्या. मध्यंतरीं अमेरिकेंत वॉलेस कॅरदर्स यांनीं १९३५ सालीं नायलॉन तयार केलें, १९३८ सालीं तें जगापुढें आलें, आणि त्याच्या मागोमाग नायलॉनची तांतहि बाजारांत आली. ती स्वस्त, पावसापाण्याला न डगमगणारी, आणि जिच्यापायीं कोणत्याहि जनावराचा जीव जात नाहीं अशी होती. आपल्याकडील अनेक घरांत ही शेवटची गोष्ट लहान मानली जात नाहीं, व ती तशी मानूंहि नये. ज्यांना धर्मश्रद्धेमुळें अथवा भूतदयेमुळें आंतड्याची तांत नको असेल, त्यांच्या मुलाचें खेळांत त्यावांचून कांहीं अडत नाहीं. अनेक बारीक तंतू एकत्र वळून केलेली नायलॉनची जी तांत मिळते ती मऊपणांत आंतड्याच्या बरीच जवळ जाते.

आतां जोर, ताबा आणि आराम या तीन गुणांकडे वळूं. तांत जितकी घट्ट तितका फटका जोरदार, असा बहुतेक विद्यार्थ्यांचा समज असतो. तो अगदीं उलटा आहे, आणि त्याचें कारण समजून घेण्यास आठव्या इयत्तेचें विज्ञान पुरेसें आहे. टेनिसच्या चेंडूविषयीं असा नियम आहे कीं, २५४ सेंटिमीटर उंचीवरून तो कठीण जमिनीवर सोडला असतां १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळी त्यानें घेतली पाहिजे. म्हणजे आदळतांना हा चेंडू आपल्या शक्तीचा जवळजवळ निम्मा भाग गमावून बसतो; तो चेपतो, आणि चेपण्यांत गेलेली शक्ति पुरती परत येत नाहीं. तांतीचें तसें नाहीं. तिला जी शक्ति मिळते तिच्यांतील शेंकडा नव्वदाहून अधिक भाग ती परत करते. तेव्हां फटका बसण्याच्या क्षणीं चेंडूनें कमी चेपावें आणि तांतीनें अधिक वांकावें, यांतच जोर आहे. मऊ व सैल तांत अधिक वांकते, म्हणून चेंडूला अधिक वेग देते. हा फरक आंकड्यांनीं मोजला तर अगदीं थोडा भरतो, हेंहि सांगितलें पाहिजे. पण सुमारें चोवीस मीटर लांबीच्या कोर्टावर तेवढ्या फरकानेंहि रेघेच्या आंत पडणारा चेंडू बाहेर पडूं शकतो.

आरामाचेंहि कारण हेंच. फरशीवर उडी मारणाऱ्याच्या पायांना झिणझिण्या येतात. नवारीच्या बाजेवर उडी मारली तर बाज त्याला झेलते आणि उलट वर फेकते. चेंडू तांतीवर सेकंदाच्या हजारांशाचे चार-पांच भाग इतकाच वेळ टिकतो. तांत मऊ असली म्हणजे हा वेळ किंचित् वाढतो आणि तोच धक्का थोडा पसरून, थोडा हलका होऊन मनगटाकडे येतो. तांत ताठ असली म्हणजे वेळ कमी होतो आणि धक्क्याचें टोंक उंचावतें. म्हणजे जोर आणि आराम हे एकाच बाजूचे गुण आहेत. जाहिरातींच्या भाषेवरून असा ग्रह होतो कीं हे तिन्ही गुण तीन दिशांना ओढतात व त्यांचा मेळ घालण्यासाठीं मोठें शास्त्र व मोठी किंमत लागते. पण खरी ओढाताण आहे ती एका बाजूस जोर व आराम आणि दुसऱ्या बाजूस ताबा, एवढीच.

ताबा हा शब्द मात्र फसवा आहे. ताठ तांतीनें ताबा येतो असें जें म्हणतात तें खरें आहे, पण कोणाच्या हातीं? ज्याचा हात इतक्या वेगानें फिरतो कीं चेंडू बाहेर जाण्याचीच भीति अधिक, त्याला ताठ तांत चेंडू आवरून धरण्यास साहाय्य करते. वर्गांतील साधारण मुलाची अडचण याच्या नेमकी उलट असते. त्याचा चेंडू जाळींत पडतो, किंवा कोर्टाच्या मध्यावरच उतरतो. त्याच्या रॅकेटीला ताठ तांत घातली म्हणजे चेंडू आणखी आंखूड पडतो. तो लांब जावा म्हणून मूल सगळें अंग फेंकून फटका मारूं लागतें. अंग फेंकलें कीं पाय जागेवर राहत नाहींत, आणि चेंडू रॅकेटीच्या मध्यावर न लागतां कडेला लागूं लागतो. ज्या ताब्यासाठीं कडक तांत घेतली तोच अशा रीतीनें हातचा जातो. आमच्या मैदानावर हा प्रकार मीं इतक्यांदा पाहिला आहे कीं, एखाद्या विद्यार्थ्याचा फटका अकस्मात् बिघडला तर मी प्रथम त्याची रॅकेट मागून घेऊन तांतीवर अंगठा दाबून पाहतों, आणि उपदेश मागाहून करतों.

मोठ्या खेळाडूंचें अनुकरण करावयाचें म्हटलें तर नेमकें कोणाचें करावयाचें, हाहि प्रश्न आहेच. १९७६ पासून १९८० पर्यंत लागोपाठ पांच वेळां विंबल्डन जिंकणारे स्वीडनचे ब्यॉर्न बोर्ग आपल्या लांकडी रॅकेटीची तांत सुमारें ८० पौंड ताणानें ओढून घेत. म्हणजे एकेक दोरी छत्तीस किलो वजन टांगल्यासारखी ताणलेली. याच्या उलट फ्रान्सचे आद्रियाँ मानारिनो हे आपल्या काळांतील नामांकित खेळाडू ज्या ताणानें खेळले तो २५ पौंडांच्या आसपासचा, जणूं कोळ्याचें जाळें. अमेरिकेचे पीट सँप्रस यांनीं आपलीं चौदा प्रमुख विजेतेपदें आंतड्याच्या पातळ तांतीवर, पण मोठ्या ताणानें मिळविलीं; तर स्वित्झर्लंडच्या रॉजर फेडरर यांनीं उभ्या तांती आंतड्याच्या व आडव्या पॉलिएस्टरच्या, अशी मिश्र विणकर पसंत केली. पंचवीस पौंडांपासून ऐंशीं पौंडांपर्यंत ज्यांचें मत पसरलें आहे त्यांच्यापासून आकडा उसना घेण्यांत काय अर्थ? प्रत्येकानें आपल्या हाताचें पाहिलें, एवढाच त्यांच्यापासून घेण्यासारखा धडा आहे.

आणि हाताला तरी ताणाचा फरक किती कळतो? सिडनी विद्यापीठांतील भौतिकशास्त्रज्ञ रॉड क्रॉस यांनीं एका सहकाऱ्यासह निष्णात खेळाडूंना निरनिराळ्या ताणांच्या रॅकेटी देऊन ही परीक्षा घेतली. २००३ सालीं प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा कीं, पांच किलोंचा, म्हणजे अकरा पौंडांचा, फरकहि बहुतेकांना ओळखतां आला नाहीं. हें वाचल्यापासून, अर्ध्या पौंडाच्या फरकावरून दुकानदाराशीं वाद घालणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हसून गप्प बसवितों. जें जाणवतें तें तांतीच्या जातीचें. मऊ कीं कडक, हें.

आतां त्या पॉलिएस्टरविषयीं. १९९७ सालीं पॅरिस येथील स्पर्धेंत गुस्ताव्हो कुएर्तेन हा ब्राझीलचा वीस वर्षांचा तरुण उतरला, तेव्हां जागतिक क्रमवारींत तो सहासष्टावा होता. त्याच्या रॅकेटींत बेल्जियममधील लुक्सिलॉन या कारखान्याची पॉलिएस्टरची तांत होती. त्यानें ती स्पर्धा जिंकली. (त्याच वर्षीं, त्याच स्पर्धेंत महेश भूपति यांनीं जपानच्या रिका हिराकी यांच्यासह मिश्र दुहेरीचें विजेतेपद मिळविलें, व अशा प्रमुख स्पर्धेंत विजयी झालेले ते पहिले भारतीय ठरले.) कुएर्तेननें २००० व २००१ सालीं ती स्पर्धा पुन्हां जिंकली, आणि तोंपर्यंत खेळाडूंची रीघ त्या तांतीकडे लागली होती. तिचा गुण असा कीं ती ताठ व गुळगुळीत असते. खेळाडू रॅकेट खालून वर झपाट्यानें नेतो तेव्हां उभ्या तांती चेंडूबरोबर बाजूला सरकतात, आणि चेंडू सुटण्यापूर्वीं झटकन् जागेवर परत येतात. त्या झटक्यानें चेंडूला जबर फिरकी मिळते. फिरकीमुळें चेंडू उंचावरून जाऊनहि खालीं वळतो व रेघेच्या आंत पडतो. सर्व शक्ति लावून मारावें आणि तरीहि चेंडू आंत पडावा, ही पूर्वीं दुर्मिळ असलेली गोष्ट यामुळें नित्याची झाली.

तांतीच्या विणकरींत केवढें सामर्थ्य असतें याचा अनुभव जगानें त्याआधीं वीस वर्षें घेतला होता. वेर्नर फिशर नांवाच्या एका जर्मन गृहस्थानें उभ्या तांतींचे दोन थर, आडव्या तांतींत न गुंफतां, प्लॅस्टिकच्या नळ्या वगैरे लावून मोकळे ठेवले. लोक तिला 'स्पॅगेटी' रॅकेट म्हणूं लागले. १९७७ सालच्या ऑक्टोबरांत फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हांस येथें इली नास्तासे ती घेऊन उतरले, आणि लागोपाठ ४६ सामने जिंकत आलेले गिलेर्मो व्हिलास दोन सेट गमावून, वैतागून, खेळ सोडून गेले. चेंडू कोठें वळेल याचा त्यांना अंदाजच येईना. गंमत अशी कीं, रॅकेट कशी असावी याविषयीं तोंवर खेळाच्या नियमांत एक अक्षरहि नव्हतें. लगेच त्या विणकरीवर बंदी आली, व १९७८ सालीं नियम झाला कीं तांती एकमेकींत गुंफलेल्या किंवा जोडलेल्या असाव्या आणि विणकर सर्वत्र सारखी असावी. चौकटीसाठीं नियम करण्याची निकड कोणाला वाटली नव्हती. तांतीनें ती आणली.

असें असतांना पॉलिएस्टर विद्यार्थ्याला कां देऊं नये? कारण तिचा गुण वसूल करावयाला जो हात पाहिजे तो त्याच्यापाशीं अजून नाहीं, आणि तिचा दोष सोसावयाला जें हाड-स्नायु पाहिजेत तेहि नाहींत. हळू फिरणाऱ्या रॅकेटींत त्या तांती जेमतेम सरकतात, फिरकी नांवापुरती मिळते, आणि धक्का मात्र पुरा बसतो. विंगफील्ड यांच्या पेटंटास दहा वर्षें होण्यापूर्वींच, १८८२-८३ च्या सुमारास, इंग्रजी वैद्यक-पत्रांत टेनिसनें होणाऱ्या कोंपराच्या दुखण्यावर लेख येऊं लागले होते. मनगट मागें उचलणाऱ्या स्नायूंची दोरी कोंपराच्या बाहेरच्या अंगास हाडाला जेथें चिकटते तेथें तें दुखणें बसतें. हें दुखणें विशेषेंकरून प्रौढांचें आहे, आणि टेनिसची रॅकेट कधीं हातीं न धरलेल्या सुतारांना व गवंड्यांनाहि तें होतें, हें मी लपवीत नाहीं. मुलांची अडचण निराळी आहे. त्यांच्या मनगटाच्या, कोंपराच्या व खांद्याच्या हाडांच्या टोंकांशीं वाढीच्या कोंवळ्या चकत्या असतात. हाडाची लांबी तेथें वाढत असते. तोच तोच ताण रोज पडत राहिला तर त्या चकत्या दुखावतात. तेथील दुखण्याकडे 'खेळतांना दुखायचेंच' असें म्हणून काणाडोळा करणें हें धैर्य नव्हे. खेळ थांबवून डॉक्टरांकडे जावें. सर्व दोष तांतीचा असतो असेंहि नाहीं. चुकीचा फटका, फाजील सराव, मुलाच्या मानानें जड रॅकेट, हीं कारणेंहि आहेत. परंतु फटका सुधारण्यास वर्ष लागतें. तांत अर्ध्या तासांत बदलतां येते. अर्ध्या तासाचें काम आधीं करावें, एवढेंच माझें म्हणणें.

याच संबंधांत तांतींच्या मध्यें खोंवण्याचें जें रबरी बटण मिळतें, त्याविषयीं एक वाक्य. तें लावल्यानें तांतीचा 'टणत्कार' थांबतो. हाताला बसणारा हादरा त्यानें थांबत नाहीं. कानाला बरें वाटतें म्हणून लावावयाचें असल्यास खुशाल लावावें.

तर मग घ्यावें काय? दहा वर्षांखालील मुलांच्या बाबतींत तांतीची काळजी करूंच नये. लहान रॅकेट, जशी मिळते तशी, आणि तिच्याबरोबर मंद चेंडू. २०१२ सालापासून आंतरराष्ट्रीय नियमानें या वयाच्या स्पर्धांना लाल, केशरी किंवा हिरव्या खुणेचे मंद चेंडूच लागतात, आणि तो नियम शहाणपणाचा आहे. त्याहून मोठ्या, आठवड्यांतून दोन-तीन दिवस खेळणाऱ्या विद्यार्थ्याला साधी नायलॉनची तांत उत्तम. दुकानांत तिला 'सिंथेटिक गट' म्हणतात, व ती सर्वांत स्वस्त असते. हात दुखण्याची तक्रार असेल, किंवा घरची ऐपत असेल, तर अनेक तंतूंची, म्हणजे 'मल्टिफिलामेंट', घ्यावी. आंतड्याची तांत याहूनहि मऊ खरी, पण ती नायलॉनच्या कितीतरी पट महाग. शिवाय दमट हवेंत ती फुगते व तिचे पदर सुटूं लागतात, म्हणून मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत तिच्या वाटेस न गेलेलें बरें. जाडी १.३० मिलिमीटर, दुकानाच्या भाषेंत सोळा नंबर, ही बहुतेकांना मानवते. पातळ तांत अधिक जिवंत वाटते व लवकर तुटते. जाड तांत टिकते व मठ्ठ वाटते.

ताणाविषयीं रॅकेटीच्या चौकटीवरच मर्यादा छापलेली असते, बहुधा ५० ते ६० पौंड किंवा तिच्या आसपास. त्या मर्यादेच्या खालच्या अर्ध्या भागांत राहावें, आणि नव्यानें शिकणाऱ्यानें अगदीं तळाशीं. चेंडू वारंवार बाहेर जाऊं लागले तर पुढच्या खेपेस दोन पौंड वाढवावे. ते आपोआप बाहेर जाऊं लागतील तो दिवस आनंदाचा समजावा. त्या विद्यार्थ्याला हात आला आहे.

पालकांचा एक आक्षेप मला ठाऊक आहे, व तो विचारपूर्वक केलेला असतो. ते म्हणतात, नायलॉन तुटते, पॉलिएस्टर तुटत नाहीं. मग काटकसर कशांत? उत्तर असें कीं, पॉलिएस्टर तुटण्याच्या फार आधीं मरते. दहा-पंधरा तास खेळलें कीं तिचा ताण उतरतो व लवचिकपणा जातो, मात्र ती दिसावयाला धडधाकट राहते. व्यावसायिक खेळाडू ती एका सामन्यापुरती वापरून कापून टाकतात. पुण्यास बालेवाडी येथें २०१८ ते २०२३ या काळांत जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे तशा कोणत्याहि स्पर्धेंत तांत भरणारे कारागीर दिवसभर यंत्रापाशीं उभे असतात, तें याच कारणानें. आपला विद्यार्थी तीच मेलेली तांत सबंध वर्ष बाळगतो, कारण ती तुटलेली नसते, आणि न तुटलेली वस्तु टाकूं नये हें आपण त्याला घरीं शिकविलेलें असतें. काटकसर म्हणून घेतलेल्या तांतीनें असा हात बिघडतो. एक जुना ठोकताळा आहे: आठवड्यांतून जितके दिवस खेळतां तितक्या वेळां वर्षांतून तांत बदला. तीन दिवस खेळणाऱ्यानें वर्षांत तीनदां साधी नायलॉन घातली तरी बहुतेक घरांना ती झेपण्यासारखी आहे. आणि नवी चौकट घेण्याच्या विचारांत असलेल्या पालकांनीं आधीं जुन्या चौकटीला नवी तांत घालून महिनाभर पाहावें, असें मी आग्रहानें सांगेन. चौकट वर्षानुवर्षें टिकते. म्हातारी होते ती तांत.

अपवाद आहेत. सोळा-सतरा वर्षांचा एखादा धिप्पाड विद्यार्थी, ज्याचा फटका पक्का झाला आहे आणि जो दर आठवड्यास नायलॉन तोडतो, त्याच्या बापावर मी दर आठवड्याचा भुर्दंड लादीत नाहीं. त्यानें उभी तांत पॉलिएस्टरची व आडवी नायलॉनची अशी मिश्र विणकर करून घ्यावी, ताण आणखी चार-पांच पौंड उतरवावा, आणि तांत तुटो वा न तुटो, दोन-अडीच महिन्यांत ती कापावी. कोंपर दुखूं लागलें तर त्यानेंहि मुकाट्यानें मऊ तांतीकडे परत यावें.

कांहीं किरकोळ गोष्टी राहिल्या. रॅकेट मोटारीच्या डिकींत उन्हांत ठेवूं नये. उष्णतेनें ताण उतरतो. तांती खेळतांना सरकल्या व आपोआप जागेवर येईनाशा झाल्या, त्यांना बोटांनीं सारखें करावें लागूं लागलें, किंवा जेथें त्या एकमेकींना छेदतात तेथें खांचा दिसूं लागल्या, तर बदलण्याची वेळ आली असें समजावें. तांत तुटली असेल तर उरलेली कापतांना मध्यापासून सुरुवात करून उभी व आडवी अशी आळीपाळीनें कडेकडे जावें, म्हणजे चौकटीवर एकांगी ताण पडत नाहीं. आणि दुकानांतून रॅकेट घरीं आणली कीं वहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्या: तारीख, तांतीची जात, ताण किती पौंड. पुढच्या खेपेस दुकानदारानें "गटिंग कोणतें करूं?" असें विचारलें म्हणजे ती वही त्याच्यापुढें धरतां येईल.